शेवटच्या बांधीपर्यंत

सकाळी नागपुरातून निघताना सुई ८० पौंडांवर होती म्हणे. भंडारा, साकोली, कोहमारा, गोरेगाव करत गाडी गोंदियात माझ्या दारात येऊन थांबली, तेव्हा तीच सुई ८ वर थरथरत होती. मालकांनी इंजिन बंद केलं नाही. बसल्या जागेवरून हाक मारली, "मिस्त्री, आधी हे बघा."

गाडी १९५७ची एमजीए. दोन माणसांची, उघडी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. गल्लीतली पोरं तोवर भोवती जमली होती. मी वाकून ऑईल प्रेशरचं गेज बघितलं आणि पहिल्यांदा इंजिन बंद करायला लावलं. मग बॉनेट उघडलं. आत ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. दोन एसयू कार्ब्युरेटर सोडले, तर खालचा ब्लॉक, बाजूला लटकलेला फिल्टरचा डबा, मागच्या अंगाला रिलीफ व्हॉल्व्हचं घुमटाकार नट, सगळं माझ्या हाताखालून शेकडो वेळा गेलेलं. ते अँबॅसिडरचं इंजिन होतं.

हे मी कौतुकाने म्हणत नाही, ते तसंच आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज म्हणतात ते १४८९ सीसीचं इंजिन. इंग्लंडात १९५५ साली ते एमजीएमध्ये बसलं आणि आपल्याकडे १९५९च्या सुमारास उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसिडरमध्ये आलं. तिकडे त्याला जास्त कॉम्प्रेशन, दोन कार्ब्युरेटर आणि वेगळा कॅम देऊन ७० हॉर्सपॉवरच्या आसपास नेलं. इकडे ५०-५५ मध्ये ठेवून त्याच्याकडून वऱ्हाड, सवाऱ्या आणि सरकारी साहेब ओढून घेतले. पण क्रँकला तेल पोचवायची वाट दोघांची एकच. स्पोर्ट्स गाडी मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेत होतो, तरी तिचं दुखणं मला परकं नव्हतं.

मालक निवृत्त इंजिनीअर, वयाने माझ्यापेक्षा मोठे. मी त्यांना काकाच म्हणायला लागलो. त्यांनी सांगितलं, तीन ठिकाणी दाखवून झालं. प्रत्येकाने आधीच्यापेक्षा घट्ट ऑईल टाकून दिलं. आता गाडीत इतकं जाड ऑईल होतं की डिपस्टिकवरून थेंब सुटायला वेळ लागत होता. "थंडीत सुई कशी झोकात वर जाते," काका म्हणाले, "मग गरम झाल्यावर काय होतं तिला?"

मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, आज उत्तर देत नाही.

मला उत्तर माहीत होतं असं वाटत होतं. पण असंच वाटल्यामुळे एकदा माझ्या हातून एक इंजिन गेलं आहे.

मी १९८१ मध्ये उस्तादांच्या गॅरेजात लागलो, पंधरा वर्षांचा असताना. उस्ताद मूळचे अर्जुनी मोरगावकडचे, घरची धानाची शेती. वर्षभर गॅरेज, पण रोवणीच्या दिवसांत दोन-तीन आठवडे कुलूप. मला पहिली दोन वर्षं त्यांनी रॉकेलमध्ये पार्ट धुण्यापलीकडे काही दिलं नाही. मग एक दिवस एक उघडलेला ब्लॉक पालथा टाकून त्यातल्या भोकांत सायकलची तार घालायला लावली. कुठून घातली की कुठे निघते ते बघ म्हणाले. दुपारभर मी तेच केलं. तेलाच्या चेंबरच्या तळाला जाळी, जाळीवर पंप, पंपातून बाहेर फिल्टरकडे, फिल्टरमधून ब्लॉकच्या पोटातली लांब नळी, तिच्यातून तिन्ही मेन बेअरिंगला, मेनमधून क्रँकच्या पोटातल्या तिरप्या भोकांनी कनेक्टिंग रॉडच्या बिग-एंडला, दुसरीकडे कॅमच्या बेअरिंगला, आणि तिथून एक बारीक वाट वर हेडमध्ये, रॉकरच्या दांड्यात. तिथे पोचलं की तेल मोकळं. रॉकरवरून ओघळत, पुशरॉडच्या भोकांतून टॅपेटवर ठिबकत परत चेंबरात.

"समजला का?" उस्तादांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "नाई समजला. आमच्या गावाले चाल एक दिवस."

त्यांच्या गावाला मामा तलाव होता. माजी मालगुजारी म्हणून मामा तलाव, कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी बांधलेला, आमच्या भागात असे शेकड्यांनी आहेत. पाळीत तुडूम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, तुडुमातून पाट, पाटातून पहिल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात पाणी, पहिली भरली की दुसरीत, दुसरीतून तिसरीत. जास्तीचं पाणी सांडव्यावरून. उस्तादांनी मला पाटाच्या तोंडाशी उभं केलं आणि विचारलं, इथं पाणी किती आहे? मी म्हटलं, गुडघाभर. मग धुऱ्या-धुऱ्याने चालवत अगदी शेवटच्या बांधीपर्यंत नेलं. तिथली माती भेगाळली होती. मधल्या एका बांधीचा धुरा खेकड्यांनी पोखरला होता आणि पाणी तिथूनच नाल्यात चाललं होतं.

त्यांचं वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. "तोंडावरचं पानी पाहून काय करतं गा, खालच्या बांधीत पोचलं का ते पाह्य."

इंजिन आणि बांधी यांची जोड लावायला मला मात्र पाच वर्षं लागली, आणि मधे ते इंजिन जावं लागलं.

मे १९८८. लग्नसराई. एका टॅक्सीवाल्याची अँबॅसिडर, डॅशवर ऑईलचं गेज असलेली. त्याची तक्रार हीच, सुई खाली येते. उस्ताद गावी गेले होते. मी बाविशीचा, हात चालायला लागलेला. मी रिलीफ व्हॉल्व्हचं नट खोललं, स्प्रिंगखाली एक जाड वॉशर सरकवला, नट कसलं. पाच मिनिटांचं काम. इंजिन चालू केल्याबरोबर सुई आधीपेक्षा दहा पौंड वर. टॅक्सीवाला इतका खूश झाला की मागितल्यापेक्षा जास्त पैसे देऊन गेला.

चौथ्या दिवशी त्याचा निरोप आला. देवरीच्या पुढे, भर दुपारी, पाच सवाऱ्या घेऊन जाताना खालून हातोडीसारखा ठोक सुरू झाला आणि गाडी बसली. ओढून आणली. चेंबर उतरवलं तर तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगचे शेल वितळून क्रँकला चिकटलेले. क्रँकवर नखाएवढे चरे. त्या मोसमाची त्याची कमाई मी एका वॉशरमध्ये घालवली होती.

उस्ताद आले, त्यांनी वॉशर हातात घेतला, बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांडवा उंच करून तलावाले पानी येते का?"

रिलीफ व्हॉल्व्ह हा सांडवा आहे. ठरावीक दाबाच्या वर गेलं की तो उघडतो आणि जास्तीचं तेल चेंबरात परत सोडतो. इंजिन थंड असताना, ऑईल घट्ट असताना तो उघडलेला असतो, म्हणून स्प्रिंग ताणली की थंड सुई वर जाते. पण गरम इंजिन मंद फिरताना दाब इतका खाली असतो की व्हॉल्व्ह आधीच घट्ट मिटलेला असतो. त्या वेळी वॉशर असला काय, नसला काय. दुखणं होतं गरमच्या वेळी, आणि मी औषध दिलं थंडच्या वेळचं. वर टॅक्सीवाल्याला सुई बरी दिसली, म्हणून तो निर्धास्त झाला. मी वॉशर टाकला नसता तर तो भीत भीत, हळू चालवत कदाचित मोसम काढता.

त्यानंतर मी दाब ही गोष्ट मुळातून समजून घ्यायला लागलो. मिळेल ते वाचलं. नागपूरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून वर्कशॉप मॅन्युअल आणली, डिक्शनरी घेऊन बसलो.

पंप दाब तयार करत नाही, हे पहिल्यांदा पटलं तेव्हा मी रात्रभर जागा होतो. पंप फक्त तेल ढकलतो. एका फेऱ्यात ठरावीक तेल, बस. बी-सिरीजचा पंप कॅमवर चालतो, म्हणजे क्रँकच्या अर्ध्या फेऱ्यांनी. इंजिन आयडलला ८०० फिरत असेल तर पंप ४००. त्या तेलाला पुढे निघायला जी अडचण होते, तिचं नाव दाब. वाट अरुंद तर दाब जास्त, वाट सैल तर कमी. आणि वाट म्हणजे बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट, नवीन इंजिनात एक-दोन थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा-दोन हजारावा भाग. ही फट दुप्पट झाली तर तिच्यातून गळणारं तेल दुप्पट होत नाही, आठपट होतं. खेकड्याचं भोक जरा मोठं झालं की सगळा पाट तिकडे वळतो, तसं. त्यात ऑईल गरम झालं की पातळ होतं. नेहमीचं २०-डब्ल्यू-५० घेतलं तरी ४० अंशांपासून १०० अंशांपर्यंत जाताना ते आठ-नऊ पट पातळ होतं. आणि मे महिन्यात आमच्याकडे ४० अंश म्हणजे सावलीतलं तापमान.

म्हणून सुई फटींबद्दल सांगते. तेल कुठे पोचलं, याबद्दल ती फारसं काही सांगत नाही. घट्ट ऑईलवर सुई ८० ला जाते तेव्हा तेल वाटेत अडकून बसलेलं असतं, आणि वर रॉकरचा दांडा कोरडा घासत असतो. डॅशवर लाल दिवा असलेल्या गाड्यांत तर एवढंही कळत नाही. तो दिवा साधारण ५-७ पौंडांच्या खाली गेल्यावर लागतो, तोवर बहुतेक वेळा ठोक ऐकू आलेला असतो.

दुसरी गोष्ट मला रेल्वेने शिकवली असं म्हणतो, कारण गोंदियात राहून रेल्वे टाळता येत नाही. लहानपणी बालाघाट-जबलपूरकडे जाणारी छोटी लाईन बघत मोठा झालो. डब्यांच्या चाकांशी ॲक्सल बॉक्स असत, त्यात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा. १८८३ मध्ये ब्युचॅम्प टॉवर नावाच्या इंग्रज इंजिनीअरने असल्याच बेअरिंगवर प्रयोग केले. तेल सोडायला त्याने वरच्या पितळेला भोक पाडलं होतं. दांडा फिरायला लागल्यावर भोकातून तेल उलटं वर यायला लागलं. त्याने लाकडाची खुंटी ठोकली, तेलाने ती बाहेर ढकलली. गेज लावलं, तर बेअरिंगवर सरासरी १०० पौंडांचा भार असताना गेजची २०० पौंडांची हद्द ओलांडली गेली. फिरता दांडा स्वतःच तेल ओढून पाचरीसारखं खाली दाबतो आणि त्याच्यावर तरंगतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, त्याचं गणित मांडलं.

हे वाचलं त्या दिवशी मी गॅरेजात सगळ्यांना पेढे वाटले. कोणाला कारण सांगता आलं नाही. क्रँकला उचलून धरण्याचं काम पंपाच्या ५० पौंडांचं नव्हतंच कधी. पेट्रोलच्या एका स्फोटाचा भार झेलताना त्या पाचरीत हजारांनी पौंडांचा दाब असतो आणि तो क्रँक स्वतः तयार करतो. पंपाने फक्त एवढं करायचं, की ओढायला तेल कमी पडू द्यायचं नाही. पाणी बांधीत पोचवायचं, धान आपलं आपण वाढतं.

काकांच्या एमजीएला मी आठवडाभर हात लावला नाही, मॅन्युअल काढून बसलो. त्यात चालताना ५० च्या आसपास आणि गरम आयडलला १० ते २५ पौंड चालतात असं होतं. म्हणजे १२ असते तर मी काकांना बिनधास्त परत पाठवलं असतं. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे मालक गरम आयडलच्या सुईने उगीच झोप उडवून घेतात. पण ८ आणि वरून इतकं जाड ऑईल, हा आकडा खरा कमी होता.

आधी खोटं बोलणारं कोण ते शोधायचं. डॅशवरचं गेज ब्लॉकपासून येणाऱ्या बारीक नळीवर चालतं. मी माझं गेज थेट ब्लॉकला लावलं. दोन्ही आकडे गरममध्ये जुळले, पण थंड सुरुवातीला डॅशची सुई उशिरा उठत होती. ब्लॉकजवळचा रबरी होज आतून फुगून जवळजवळ बुजला होता. तो बदलला. बाकी गेज साठ-पासष्ट वर्षांनंतरही प्रामाणिक होतं.

मग रिलीफ व्हॉल्व्ह. मागचं घुमटाकार नट खोललं, दोन फायबर वॉशर निघाले, स्प्रिंग निघाली, आणि तिच्याखालून हातावर एक जाड लोखंडी वॉशर पडला.

मी तो बराच वेळ हातात धरून बसलो. घातला कोणी, माहीत नाही, विचारलंही नाही. पण तो मीच घातल्यासारखा वाटत होता.

इंजिन बाहेर काढलं. चेंबर उतरवल्यावर जाळी दिसली. तिच्यावर डांबरासारखा गाळ आणि जुन्या गॅस्केटचे तुकडे. पंप उघडून फिलर गेज घातलं. रोटरच्या टोकाला पाच थाऊंपेक्षा जास्त फट नको असते, तिथे दुप्पट होती. मेनच्या शेलवरचा पांढरा थर जाऊन मधे तांब्याचा रंग दिसत होता, मागच्या मेनला सगळ्यात जास्त. आणि रॉकरचा दांडा, ज्याला मी सगळ्यात आधी बघायला हवं होतं, त्याच्या खालच्या अंगाला प्रत्येक रॉकरखाली नखाने कळेल असा खड्डा. त्याच्या आतली भोकं काळ्या कडक मळाने बुजलेली. टोकाच्या दोन रॉकरना किती वर्षं तेल मिळालं नव्हतं देव जाणे.

काका आले तेव्हा मी टेबलावर हे सगळं ओळीने मांडून ठेवलं होतं. जाळीपासून रॉकरपर्यंत, तेल जातं त्या क्रमाने. ते इंजिनीअर, मला वाटलं त्यांना सांगायची गरज नाही. पण त्यांनी प्रत्येक पार्ट उचलून विचारलं. शेवटच्या रॉकरशी येऊन ते थांबले. "म्हणजे सुई ८० दाखवत होती तेव्हासुद्धा इथं काही नव्हतं?" मी म्हटलं, "तेव्हा तर सगळ्यात कमी असेल, काका."

पुढचं काम नेहमीचं, म्हणून लांबवत नाही. क्रँक नागपूरला पाठवून दहा थाऊ ग्राइंड केला. परत आल्यावर त्याची तिरपी भोकं मी स्वतः तार आणि रॉकेलने साफ केली, कारण ग्राइंडिंगची भुकटी तिथेच दडते आणि नव्या शेलवर पहिला घाव तीच घालते. तारेचं ते काम मी आजही पोरांना देत नाही. मापं जुळवून पाहिली आणि शेल अँबॅसिडरचेच बसले. पंप नवा. रिलीफची स्प्रिंग नवी, आणि खाली काही नाही. रॉकरचा दांडा नवा.

ऑईलबद्दल काकांशी थोडा वाद झाला. त्यांना आजकालचं पातळ सिंथेटिक हवं होतं. मी २०-डब्ल्यू-५० वर अडलो. एक तर या इंजिनाच्या फटी त्याच्यासाठी आखल्यात. दुसरं म्हणजे या इंजिनात टॅपेट सपाट असतात, कॅम त्यांच्यावर घासत फिरतो, आणि तिथे पंपाचा दाब पोचत नाही, फक्त ओघळ. तिथे जस्त आणि फॉस्फरसचा जो अंश ऑईलमध्ये मिसळतात, तोच धातूला वाचवतो. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तो सोसत नाही, म्हणून नव्या ऑईलमध्ये तो कमी केलाय. जुन्या इंजिनासाठी डब्यावर ते बघून घ्यावं लागतं. काकांनी मान्य केलं.

आमच्याकडे आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे धूळ. राईस मिल चालतात तिथे हवेत धानाचा भुसा आणि त्याची राख उडत असते. ती राख बहुतांश सिलिका असते, म्हणजे वाळूच. म्हणून एअर फिल्टर आणि ऑईल फिल्टरच्या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही.

एक अडचण मात्र मला अँबॅसिडरने कधी दाखवली नव्हती. पहिल्या चाचणीला काकांनी गाडी आमगाव-देवरी रस्त्यावर नेली. मी शेजारी. जंगलातल्या एका लांब वळणावर त्यांनी वेग सोडला नाही, आणि क्षणभर सुई ५० वरून २० ला पडली. माझा जीव खाली गेला. वळण संपलं, सुई परत वर. मग कळलं, वळणावर चेंबरातलं सगळं तेल एका बाजूला सरतं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो. सवाऱ्या घेऊन जाणारा टॅक्सीवाला असं वळण घेतच नाही. स्पोर्ट्स गाडी घेते, ती त्यासाठीच बनलेली. त्यावर रेसिंगवाले चेंबरात आडवे पत्रे लावतात, काही तर तेलाची टाकीच वेगळी ठेवतात. आम्ही एवढंच केलं, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत तेल भरलं. आम्ही ते अर्धा लिटर कमी ठेवलं होतं. काकांना वळणावर डावा डोळा गेजवर ठेवायला सांगितलं.

पण चाचणीच्या आदल्या संध्याकाळबद्दल सांगायचं राहिलं.

नवं इंजिन कोरडं असतं. ते तसंच चालू केलं तर पहिल्या काही सेकंदांत शेल धातूला धातू घासतात. म्हणून पंपात आधी तेल भरलं, चारही प्लग काढले, म्हणजे कॉम्प्रेशनचा भार राहत नाही. कार्ब्युरेटरकडे पेट्रोल बंद. रॉकरचं झाकण काढून ठेवलं. स्टार्टर दाबायच्या आधी मी काकांना हँडल दिलं, बंपरमधून आत जाणारं, अँबॅसिडरसारखंच. ते ऐंशीच्या घरातले, तरी म्हणाले मीच फिरवतो. त्यांनी वीस-पंचवीस फेरे मारले, दमले, मग मी घेतलं. मग पोरांनी. सुई हलेना. मग मी स्टार्टर दाबला, दहा सेकंद, थांबलो, परत दहा. तिसऱ्या वेळेला सुई एकदम उठली आणि ४० वर जाऊन थांबली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका सुईकडे बघत होते.

मी त्यांना दंडाला धरून इंजिनाकडे वळवलं. "परत दाब," मी पोराला सांगितलं.

पहिल्या रॉकरखालून तेल आलं, सोनेरी, बारीक. मग दुसऱ्या. मग बराच वेळ काही नाही. स्टार्टर घुरघुरत राहिला. मग पाचवा, सहावा. सातव्याशी एक बुडबुडा आला आणि फुटला. आम्ही दोघं आठव्याच्या तोंडाशी वाकून उभे होतो, बॅटरी दमायला लागली होती, पोरगा विचारत होता बंद करू का, आणि मी म्हणत होतो थांब, थांब. मग आठव्या रॉकरच्या कडेने एक थेंब जमला, मोठा झाला, आणि पुशरॉडवरून खाली सरकला.